धरणाच्या शेपटीला: बारवी, भातसा आणि मग आपली खाडी

यंदा २६ जानेवारी सोमवारी आली, म्हणजे सरळ लाँग वीकेंड, म्हणजे अलिबाग-लोणावळा या दिशांना जायचं नावही काढायचं नाही. असं सगळ्यांचं ठरत असताना अण्णांचा मेसेज आला: "पाणपक्षी. बारवी, भातसा. स्कोप माझा, गाडी तुझी." अण्णा म्हणजे आमच्या ठाण्यातल्या शाळेचे जुने विज्ञानाचे सर, रिटायर होऊनही वर्षं झाली, पण खांद्यावर स्कोप, म्हणजे लांबचं बघायची मोठी एकनळी दुर्बीण, आणि तिचा ट्रायपॉड टाकून चालायला लागले की आपल्याला मागे धावावं लागतं. माझी भाची पण आली, ती कॉलेजला आहे आणि तिचा सगळा भरवसा मोबाइलमधल्या मर्लिन या पक्षी ओळखणाऱ्या ॲपवर. पुढे गाडीत आणि बांधावर जे काही वाद झाले ते या दोघांचे, मी आपली ड्रायव्हर.

शनिवार: बारवी

पहाटे काळोखात निघून शिळफाटा, काटई करत बदलापूर. बदलापूरची थंडी ठाण्याच्या माणसाला दरवर्षी नव्याने कळते, स्टेशनजवळच्या गाडीवर चहा घेताना हातातला ग्लास सोडवत नव्हता. गरम वडापाव बांधून घेतले (हे कराच, पुढे काही मिळत नाही), मुळगावच्या पुढे उल्हासच्या बाजूला शेतांवर धुकं असं बसलेलं की हेडलाइट लावूनही दहा फुटांपलीकडे काही दिसेना.

बारवी धरण एमआयडीसीचं. मूळ कारखान्यांसाठी बांधलेलं, आता ठाणे जिल्ह्यातल्या बऱ्याच शहरांच्या नळाला हेच पाणी येतं. भिंतीपाशी सिक्युरिटी असते, भिंतीवर जाऊ देत नाहीत आणि फोटो काढायला मनाई आहे, उगाच हुज्जत घालू नका. तसंही अण्णांना भिंतीत इंटरेस्ट नव्हताच. भाचीला वाटलेलं की एवढं मोठं पाणी म्हणजे पक्षीच पक्षी असणार, आणि समोर बघतो तर नुसतं निळं पाणी, लांबवर एक पाणकावळा. तिचा चेहरा पडला. अण्णा म्हणाले, "अगं, धरण म्हणजे खोल पातेलं. बदकांना हवी परात. आपण परातीकडे जायचं."

हे त्यांचं म्हणणं नीट समजून घेण्यासारखं आहे. धरणाच्या भिंतीपाशी पाणी खोल, काठ उभे, आणि पातळी वर्षभर वरखाली होत राहते म्हणून काठाला पाणवनस्पती टिकत नाहीत. आपली नेहमीची बदकं, म्हणजे शेपूट वर आणि डोकं खाली करून चरणारी, त्यांची मान पोचेल एवढंच पाणी त्यांना उपयोगाचं, फूट-दीड फूट. ते मिळतं कुठे, तर जिथे नदी-ओढे धरणात शिरतात तिथे. तिथे गाळ साठतो, उथळ पाणी पसरतं, आणि पाऊस संपल्यावर पाणी जसजसं उतरतं तसतशी रोज नवी ओली माती उघडी पडते. त्यात किडे, शंख, बी. चिखलपक्ष्यांची पंगत तिथेच. म्हणून पक्ष्यांसाठी धरण बघायचं तर भिंतीकडून नाही, शेपटीकडून. आणि दसऱ्याच्या सुमाराला नाही, जानेवारीत किंवा त्यानंतर.

मग वळसा घालून मुरबाडच्या बाजूला. गाडी पाड्याच्या बाहेर लावली (विचारून लावा, बैलगाडीची वाट अडवू नका) आणि भाताच्या कापलेल्या शेतांमधून चालत काठावर. पाणी उतरलेल्या जमिनीवर गाळपेऱ्याचा वाल लावलेला, त्याच्या वेलांना शेंगा लोंबत होत्या. त्यातून चालताना एक आजी ओरडल्या, "बांधावरनं जा, बांधावरनं!" गेलो बापडे बांधावरनं. मग त्यांनीच विचारलं काय बघायला आलात, आणि पक्षी म्हटल्यावर हसून म्हणाल्या की ते काय, रोजच असतात.

आणि खरंच होते. सूर्य आमच्या पाठीशी, समोर पाणी सोनेरी, आणि त्यात काळे ठिपके शेकड्याने. बहुतेक वारकरी, म्हणजे कूट, काळं अंग आणि कपाळावर पांढरा टिळा. दीडेकशे तरी असतील. त्यांच्या कडेने हळदीकुंकू बदकं जोडीजोडीने, अडई बदकांचा एक थवा शिट्ट्या मारत उठून परत बसला, आणि मग खरी मजा, वीस-पंचवीस भुवई बदकं, म्हणजे गार्गेनी. नराच्या डोळ्यावरची पांढरी भुवई एवढ्या लांबूनही सुटी दिसते. दोन-चार तलवार बदकं, म्हणजे पिनटेल, मान आणि शेपूट दोन्हीकडून टोकदार. थापट्या, म्हणजे शॉव्हलर बदक, शोधला, मिळाला नाही.

इथे नवीन लोकांसाठी एक गोष्ट सांगते, कारण मला कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं. बदकं ओळखायला शिकायचं असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरुवात करू नका. त्या वेळी नुकती आलेली नर बदकंही मादीसारखीच मळकट तपकिरी असतात, पिसं बदलायची असतात त्यांची. जानेवारीत नर पूर्ण रंगात येतात. आधी नर ओळखायचा, मग त्याला चिकटून असलेली तपकिरी मादी कोण ते आपोआप कळतं. एकटी मादी दिसली की मात्र घोळ.

आणि तसा घोळ झालाच. वारकऱ्यांच्या गर्दीत एक गडद तपकिरी बदक, एकटं, सारखं बुडी मारत होतं. भाचीने स्कोपच्या आयपीसला मोबाइल लावून फोटो काढला (हाताने धरूनही येतो, फक्त श्वास रोखायचा), मर्लिनला दिला, मर्लिन म्हणालं फेरुजिनस डक. ती खूश, कारण फेरुजिनस आपल्याकडे सहज दिसत नाही, शिवाय जगभरात त्याची संख्या घटतेय म्हणून संवर्धनवाले त्याच्यावर लक्ष ठेवून असतात. शेपटीखाली पांढरं पण दिसत होतं, आणि फेरुजिनसची ती मोठी खूण.

अण्णा स्कोपमधून डोळा न काढता म्हणाले, "थांब. लिहू नकोस."

मग सुरू झाला क्लास. म्हणे रंग सगळ्यात शेवटी बघायचा. आधी वागणं. हे बदक बुडी मारतंय, म्हणजे वर-वर चरणाऱ्या गटातलं नाही. पाण्यात बसताना शेपूट पाण्याला टेकलेलं आहे, हीसुद्धा बुडी मारणाऱ्यांची सवय, आणि उडताना ती पाण्यावर धावत जाऊन उडतात, बाकीची जागेवरून सरळ वर उठतात. म्हणजे गट ठरला. आता या गटातल्या तपकिरी माद्या कोण कोण? साधी लालसरी म्हणजे कॉमन पोचार्ड, फेरुजिनस, शेंडी बदक म्हणजे टफ्टेड. लालसरीच्या मादीचं अंग राखाडीकडे झुकतं, ती बाद. उरली दोन. आणि गंमत अशी की शेंडी बदकाच्या काही माद्यांनाही शेपटीखाली पांढरं असतं. म्हणजे ज्या खुणेवर भाची नाचत होती तिचा इथे उपयोग शून्य.

"मग बघायचं काय?"

"डोळा. आणि डोकं."

फेरुजिनसच्या मादीचा डोळा गडद, शेंडी बदकाचा पिवळा. फेरुजिनसचं कपाळ लांब उतरतं आणि टाळू मध्यावर उंच, शेंडी बदकाचं डोकं गोलसर आणि मागे, मादी असेल तर, शेंडीचा नुसता एक फुगवटा. चोचीचं टोकही बघायचं, शेंडी बदकाच्या चोचीला काळं टोक रुंद, फेरुजिनसच्या चोचीला अगदी टोकाशी टिकली एवढं. हे सगळं बोलायला सोपं, कारण बाईसाहेब दर पंधरा सेकंदांनी पाण्याखाली, आणि वर आल्या की पाठ आमच्याकडे. मध्ये वारकऱ्यांची भांडणं. चिखलावर कंठेरी चिलखे आणि तुतवार पळत होते, त्यांच्याकडे कुणी बघेना. असं कितीतरी वेळ चाललं, वडापाव खाऊन संपले, ऊन चढायला लागलं. आणि मग एकदा ती वर आली, पंख झटकले, पाण्यावर उंच झाली आणि मान वळवून थेट आमच्याकडे बघितलं. पिवळा डोळा. बटणासारखा लख्ख. मागे डोक्याला छोटा गुंडा. टफ्टेड, मादी.

भाची म्हणाली, "मर्लिन चुकलं म्हणजे." अण्णा म्हणाले, "मर्लिनला तू पाठमोरा फोटो दिलास, ते बिचारं काय करणार." मला हे पटलं. ॲप वाईट नाही, मी स्वतः वापरते, पण ते एक फोटो बघतं आणि आपण अर्धा तास बघू शकतो. बघायचा कंटाळा आला की आपण ॲपकडे वळतो, एवढंच.

दहाच्या पुढे पाण्यावरून वाफ थरथरायला लागली, स्कोपमध्ये सगळं हलायला लागलं. साठ पट मोठं करून बघायची हौस असते सगळ्यांना, पण उन्हात तीस पटीच्या वर नेऊन काही उपयोग नसतो, थरथर पण तेवढीच मोठी होते. दुर्बीण आठ बाय बेचाळीस पुरते. स्कोप नसेल तर ज्याच्याकडे आहे अशा माणसाशी मैत्री करा, तो उपाय स्वस्त पडतो.

दुपारी एका झाडाखाली पडलो होतो तेव्हा एक कातकरी दादा ट्रकच्या ट्यूबवर बसून हाताने वल्हवत काठाला आले, जाळं गोळा करून. मासे थोडेच होते. अण्णांनी त्यांच्याजवळ बसून विडी सोडून सगळ्या विषयांवर गप्पा मारल्या. पाणकावळ्यांवर त्यांचा राग, जाळ्यातलेच मासे पळवतात म्हणून. मग बोलता बोलता म्हणाले, "तिकडं भिंतीच्या अंगाला एक मोठी टिबुकली येती हिवाळ्यात. टिबुकलीच, पन मान ही एवढी." टिबुकली म्हणजे लिटल ग्रीब, बुडी मारणारा छोटा पाणपक्षी. त्यांनी हात कोपरापासून उभा धरून दाखवला. "मागं एकदा जाळ्यात गावली हुती. सोडली. चोच लय टोकदार, हाताला मारली."

अण्णा उठून बसले. ताडकन. सत्तरी ओलांडलेला माणूस एवढ्या जोरात उठू शकतो हे मला माहीत नव्हतं.

परत सगळा वळसा घालून पश्चिमेला. भिंतीपासून लांब, रस्त्याच्या एका वळणावर जिथून खोल पाणी खाली दिसतं तिथे ट्रायपॉड उभा केला. आता ऊन पाठीमागून पूर्वेकडे पडत होतं, म्हणजे या बाजूची वेळ संध्याकाळचीच (सकाळी इथून बघितलं तर नुसता डोळ्यावर उजेड, काही कळत नाही). पाणकावळे आले. तीन प्रकारचे असतात आपल्याकडे, पैकी दोन इथेच बुडक्या झाडांवर पंख वाळवत बसलेले, छोटा म्हणजे आखूड जाड चोचीचा, आणि भारतीय म्हणजे लांब बारीक चोचीचा आणि हिरव्यानिळ्या डोळ्यांचा. तिसरा, मोठा पाणकावळा, त्याच्या गळ्याला पांढरं-पिवळं असतं, तो नव्हता.

पावणेपाच-पाचच्या सुमाराला भाचीलाच दिसला. पार मध्यावर, पांढरा ठिपका, दिसला की गायब. दिसला की गायब. "मोठ्या लालसरीची मादी असेल," ती म्हणाली, आणि हे ऐकून अण्णा खूश झाले, कारण शंका अगदी योग्य होती. मोठ्या लालसरीच्या (रेड-क्रेस्टेड पोचार्डच्या) मादीचंही डोकं वरून गडद आणि गाल फिके, लांबून फसवायला पुरेसं. पण तिचं अंग तपकिरी आणि मान जाड. हिची मान सरळ उभी, पुढून पांढरी शुभ्र, चोच सुरीसारखी टोकदार आणि गुलाबी, डोक्यावर काळी टोपी आणि टोपीच्या मागे दोन छोटी टोकं, आणि डोळ्याच्या वर पांढरं. बुडी मारताना पाणकावळ्यासारखी उडी घेत नव्हती, नुसती खाली सरकत होती, पाण्यावर तरंगसुद्धा नाही. पोहताना पाणकावळा चोच थोडी आकाशाकडे ठेवतो, ही समोर बघत होती. ग्रेट क्रेस्टेड ग्रीब, हिवाळी पोशाखात. तुरेवाली मोठी टिबुकली म्हणा. आपल्या नेहमीच्या टिबुकलीच्या जवळजवळ दुप्पट लांबीची.

आता माझं निरीक्षण असं की अण्णांचं पातेलं-परात गणित या पक्ष्याला लागू नाही. हा मासे खातो, बुडी मारून पकडतो, त्याला खोल मोकळं पाणीच हवं. म्हणजे शेपटीला जायचं बदकांसाठी आणि चिखलपक्ष्यांसाठी, पण जाताना भिंतीकडच्या "रिकाम्या" पाण्यावरही अर्धा तास द्यायचा, आणि त्याच्याही आधी जाळंवाल्याला विचारायचं. अण्णांना हे सांगितलं तर म्हणाले, "मी कधी नाही म्हणालो?" बरं.

रात्री मुक्काम वहिनीच्या माहेरी, मुरबाडच्या पुढे. म्हसा गावची जत्रा होऊन गेलेली, त्यामुळे घराघरात नवीन घोंगड्या, आणि त्यातली एक मला मिळाली, देव भलं करो. शेतात पोपटी लावलेली. मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला, मग वालाच्या शेंगा, ओवा-मीठ, बटाटे, अंडी, वरून परत पाला, मडकं उपडं आणि भोवती पाचोळा-काटक्यांचा जाळ. पाणी थेंबभर घालत नाहीत, शेंगांच्या अंगच्या वाफेवर शिजतं. भांबुर्डीचा तो वास कपड्यांना दुसऱ्या दिवशीपर्यंत होता. वालाच्या शेंगा किती खाल्ल्या ते विचारू नका, अण्णांनी तर पोटाची काळजी वगैरे सोडूनच दिली होती.

रविवार: भातसा

रविवारी रथसप्तमी. पहाटे अंगणात गोवऱ्यांवर छोट्या बोळक्यात दूध ठेवलेलं, ते उतू गेलं की मगच चहा. त्यामुळे निघायला उशीर. हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस म्हणून वहिनीच्या आईने मला आणि भाचीला वाण दिलं, प्लास्टिकचे डबे, जे पुढे गाडीत भाजलेल्या शेंगा ठेवायला फार कामी आले.

सरळगाव, किन्हवली करत शहापूर. रस्ता आता बरा आहे. भातसा म्हणजे बारवीपेक्षा फार मोठं प्रकरण, मुंबई जे पाणी पिते त्यातलं साधारण निम्मं इथून जातं, आणि ठाण्याच्या नळालाही इथलं पाणी येतं. आम्ही वरच्या अंगाला एका पाड्याजवळ थांबलो. तिथे पाण्याला हंडे घेऊन निघालेल्या एका मावशींशी बोललो तर म्हणाल्या, "धरन आमचं, पानी तुमचं. मे महिन्यात या, मंग बघा टँकरची वाट." शहापूर तालुक्याची ही गोष्ट दर उन्हाळ्यात पेपरात येते, पण हंडा डोक्यावर असलेल्या बाईने तोंडावर सांगितली की गप्प बसावं लागतं. आमच्या सोसायटीत गाड्या धुतात पाइपने.

पक्ष्यांच्या दृष्टीने सकाळ सुस्त. काठ उभे, दगड, बदकं जवळजवळ नाहीत. नदी सुरय, म्हणजे रिव्हर टर्न, चार-पाच, पिवळीधमक चोच, हिवाळ्यात तिचं टोक काळसर होतं. त्यांच्यासोबत एक छोटा सुरय उडत होता तो कोण यावर परत वाद, मला व्हिस्कर्ड टर्न वाटला, हिवाळ्यात त्याला डोळ्यामागून काळा डाग असतो आणि चोच गडद. पण तो एकदाही नीट वळला नाही आणि टेकडीमागे गेला तो गेलाच. अण्णांनी वहीत लिहिलं: सुरय, जात अनिश्चित. भाचीला हे आवडत नाही, तिला प्रत्येक ठिपक्याला नाव हवं असतं. अण्णांच्या जुन्या वह्यांमध्ये असे "अनिश्चित" खूप आहेत आणि माझ्या मते त्यांच्या बाकीच्या नोंदींवर विश्वास बसतो तो त्यामुळेच.

अकराच्या सुमाराला ऑस्प्रे आला. घारींच्या मध्ये लगेच उठून दिसतो, पंख मनगटात वाकलेले, खालून पांढरा, डोळ्यावरून काळा पट्टा. दोनदा पाण्यावर थरथरत थांबला, तिसऱ्यांदा पाय पुढे करून धाडकन आपटला, आणि बराच वेळ पंख मारून वर आला तेव्हा पायात मासा, तोंड पुढे करून धरलेला. नेहमी असाच धरतात, वारा कमी लागतो. पाड्यावरची पोरं जमलेली, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग प्रत्येकाला स्कोपमधून बघायचं होतं. लाइन लावली. ही मुलं पाळीपाळीने बघत होती आणि अण्णा मागे उभे राहून परत शाळेत गेल्यासारखे ओरडत होते, "डोळा मिटू नको, दुसरा मीट!"

दुपारनंतर जेवण हायवेजवळच्या एका साध्या खाणावळीत, तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुकट. ज्यांना सुकट चालत नाही त्यांनी ठेचा मागावा. बाहेर येतो तर वर आकाशात दोन मोठे करकोचे गोल फिरत होते, गरम हवेवर. काळे. अण्णांनी हातातली बडीशेप टाकून दिली. काळा करकोचा आपल्या भागात अगदी क्वचित, बाहेरून हिवाळ्यात येणारा, आणि तो असता तर वीकेंड सोन्याचा. फरक असा: काळ्या करकोच्याची मान काळी आणि पोट पांढरं. पांढऱ्या मानेच्या करकोच्याची मान पांढरी आणि छाती काळी. खालून, उन्हात, वर बघताना सगळंच काळं दिसतं, म्हणून वळण घेईपर्यंत थांबायचं. वळले. मान पांढरी. वूली-नेक्ड. भाची हिरमुसली, पण मी म्हणते, का? हाही काही दर रविवारी हायवेवर दिसणारा पक्षी नाही.

परतताना भिवंडी बायपासला व्हायचं ते झालं, त्याबद्दल लिहून कुणाचा वेळ घालवत नाही.

सोमवार: सीवूड्स

सोमवारी अण्णा आले नाहीत, झेंडावंदनाला शाळेत बोलावलं होतं. मी आणि भाची पाम बीच रोडने नेरूळला. खाडी बघायची होतीच, दोन दिवस गोड्या पाण्यावर घालवल्यावर खारं पाणी बघितलं की फरक लगेच कळतो.

सारसोळेच्या जेट्टीवर एक कोळी काका जाळं निवडत बसलेले. भरती कधी म्हणून विचारलं. मी मोबाइल काढला तसे ते म्हणाले, "आज आठम. आठाची पाऊणपट किती?" सहा. "मंग सहाला भरती. सकाली सहा, संध्याकाली सहा." तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचे साधारण तास मिळतात, खाडीत आत थोडं उशिरा. घरी येऊन टाइड टेबल बघितलं तर फार फरक नव्हता. "आनि आठमीला भांगाचं पानी," काका म्हणाले, म्हणजे भरती कमी चढते आणि ओहोटी कमी उतरते. पक्षी बघणाऱ्याला हे कळलं पाहिजे. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाडीतला सगळा चिखल बुडतो, मग फ्लेमिंगो आणि बाकीचे सगळे उडून मागच्या पाणथळींवर, टी. एस. चाणक्य या जहाजावरच्या प्रशिक्षणाच्या संस्थेच्या मागे, डीपीएस शाळेजवळच्या तळ्यावर येऊन बसतात, अगदी जवळ. भांगाला थोडा चिखल उघडाच राहतो, त्यामुळे ते खाडीतच राहतात, लांब. म्हणून तुमच्या मित्राला "हजारो" दिसले आणि तुम्हाला पन्नास दिसले तर नशिबाला बोल लावू नका, पंचांग बघा.

आम्हाला शे-दीडशे दिसले, बहुतेक लेसर, म्हणजे बुटके आणि गडद लाल चोचीचे. ग्रेटर उंच आणि त्याची चोच फिकी गुलाबी, टोक काळं. ठाणे खाडीच्या एका भागाला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य केलं आणि २०२२ मध्ये खाडी महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली, पण या मागच्या पाणथळी सगळ्या काही त्या हद्दीत येत नाहीत, आणि खाडीचं पाणी आत यायची वाट बुजली की तळं सुकतं, एवढं साधं आहे ते.

भाचीला मात्र फ्लेमिंगोत रस नव्हता. ती चिखलावर पालथी पडून एका छोट्या राखाडी पक्ष्याकडे बघत होती, जो इतर चिखलपक्ष्यांमध्ये वेड्यासारखा धावत होता. चोच लांब आणि वर वळलेली, पाय आखूड आणि केशरी. मोबाइल खिशातच. मी विचारलं, मर्लिनला विचारू का? "नको गं मावशी, थांब." आणि दहा मिनिटांनी स्वतःच म्हणाली, "टेरेक सँडपायपर. उचाट्याचीही चोच वर वळते पण तो काळापांढरा आणि मोठा, पाय निळसर. हा धावतो बघ, बाकीचे चालतात." बरोबर होतं.

जायचा विचार असेल त्यांच्यासाठी थोडं. बारवीला पावसाळ्यात जाऊ नका, बंदी असते आणि दरवर्षी लोक बुडतात, पाण्यात कधीच उतरू नका. स्वतःची गाडी असेल तर बरं, बदलापूरहून रिक्षा मिळते पण परतीची ठरवून ठेवा. चिखलात पाय घालायचा मोह झाला तर काठी टाकून बघा आधी, वरून सुकलेला गाळ खाली मऊ असतो. मळकट कपडे घाला, भडक लाल जॅकेटवाला माणूस आला की अडई आधी उडते. आणि ड्रोन नको, कृपा करून, शनिवारी एका ग्रूपने उडवला आणि सगळे वारकरी पाण्यावर धावत पार पलीकडे गेले, परत यायला तासभर लागला.

ग्रीबची नोंद ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदींच्या वेबसाइटवर, टाकली तशी ती दुर्मिळ म्हणून अडकली आणि आपल्या भागाच्या नोंदी तपासणाऱ्याचा मेल आला, फोटो आहे का? फोटो म्हणजे पांढरा ठिपका. मग भाचीने वर्णन लिहून पाठवलं, मान, टोपी, चोच, बुडी मारायची पद्धत, मोठ्या लालसरीची मादी का नाही ते सगळं, मराठीत विचार करून इंग्रजीत, चांगली दीड पानं. बुधवारी मंजूर झाली. तो सुरय अजून अनिश्चितच आहे.

फेब्रुवारीअखेर परत बारवीला जायचंय, पाणी अजून उतरलेलं असेल आणि परतायच्या आधी बदकं एकत्र जमायला लागतात. गाडीत एक सीट रिकामी आहे. वडापाव आपापले.